पाण्यात म्हैस, वर मोल

म्हैस पाण्यात बसलेली असताना तिचा सौदा करू नये, असं आपली जुनी म्हण बजावते. वर दिसतात शिंगं आणि नाकपुड्या. पायाने लंगडी आहे की कास आटलेली, हे सगळं पाण्याखाली. पाण्यातला मेटल डिटेक्टर घ्यायला निघालेल्या माणसाची गतही तशीच. जाहिरात त्याला यंत्र दाखवते, त्याचा पडदा दाखवते, सोन्याच्या नाण्यांची चित्रं दाखवते. यंत्र ज्या पाण्यात उतरणार, ते पाणी मात्र कुणी दाखवत नाही. आणि या खरेदीत निम्म्याहून जास्त निकाल पाणीच लावतं.

या लेखातलं पाणी म्हणजे गोडं पाणी: तळी, नद्या, धरणांचे जलाशय. बुडालेली स्पॅनिश जहाजं आणि त्यांतली चांदी हा समुद्राचा विषय. त्यावर सिनेमे पुष्कळ निघाले आहेत. गोड्या पाण्यातला खजिना फार घरगुती असतो. अमेरिकेच्या मिशिगन, मिनेसोटासारख्या राज्यांत हजारोंनी तळी आहेत आणि उन्हाळा आला की माणसं त्यांच्या काठी लोटतात. अंगाला उन्हापासून बचावाचं क्रीम चोपडलेलं, पाणी गार. गार पाण्यात बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोट बारीक होतं आणि क्रीममुळे निसरडंही. कुणी चेंडू फेकतो, कुणी पोराला उचलून पाण्यात टाकतं, आणि लग्नातली अंगठी निसटते. कंबरेपासून छातीपर्यंतचं पाणी, पोहण्याच्या जागेची हद्द दाखवणाऱ्या दोराच्या आतला पट्टा, लाकडी धक्क्याचं टोक: तिकडच्या शोधकांची कमाई मुख्यतः एवढ्याच जागेतली. पुण्यामुंबईच्या सराफकट्ट्यावर दुकानासमोरची धूळ झाडून नेऊन त्यातून सोन्याचा कण काढणारा झारेकरी आठवा. तळ्यातला डिटेक्टरवाला त्याचाच पाण्यात उतरलेला भाऊ.

यंत्राच्या पोटात काय चालतं ते आधी थोडक्यात पाहू, कारण दुकानातली निम्मी भाषा त्यावर उभी आहे. दांड्याच्या टोकाला जी चकती असते तिला कॉइल म्हणतात. तीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते क्षेत्र जवळच्या धातूत छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह उठवतं, त्या प्रवाहांचं स्वतःचं एक क्षीण क्षेत्र असतं, आणि कॉइलमधलं दुसरं वेटोळं ते पकडतं. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा नियम तो हाच. यंत्राला सोनं कळत नाही, चांदी कळत नाही. त्याला एवढंच कळतं की खाली वीज वाहून नेणारं काहीतरी आहे, आणि त्यातला प्रवाह किती लवकर विरतो.

याच तत्त्वाचा प्रयोग माणसावर झाला तो १८८१ मध्ये. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळीबार झाला, आणि एक गोळी अंगात राहिली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल ती शोधायला आपलं यंत्र घेऊन आले. यंत्र चांगलं होतं. पण गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि त्यांच्यामुळे सगळीकडेच गुणगुण ऐकू येत होती. शिवाय गोळी उजवीकडे आहे अशी डॉक्टरांची खात्री, म्हणून त्यांनी तीच बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती. गारफील्ड १९ सप्टेंबरला गेले. डिटेक्टर विकत घेणाऱ्याने या गोष्टीतली गादी लक्षात ठेवावी. आजही बहुतेक अपयश यंत्राचं नसतं, त्याच्या आजूबाजूच्या लोखंडाचं असतं.

पुढे गेरहार्ड फिशर यांना १९३७ मध्ये अमेरिकेत धातुशोधकाचं पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी भूसुरुंग शोधण्यासाठी हातात धरण्याचं यंत्र बनवलं आणि १९४२ च्या अल अलामेनच्या लढाईत ब्रिटिश सैन्याने ते वापरलं. युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रं बाजारात आली आणि छंद सुरू झाला. इतिहास एवढा पुरे.

आता पाणी. समुद्राचं पाणी खारट, म्हणजे क्षारांनी भरलेलं, म्हणजे वीजवाहक. नदी-तळ्याच्या पाण्यापेक्षा ते शेकडो पटींनी जास्त वीजवाहक असतं. डिटेक्टरच्या दृष्टीने समुद्र हा एक प्रचंड, पातळ धातूच आहे. कॉइल पाण्यात घातली की पाणीच बोलू लागतं. लाट आली, कॉइल वरखाली झाली, की खोटा आवाज. म्हणून समुद्रासाठी वेगळी यंत्रं निघाली, महाग आणि जड. त्यांतला एक मोठा वर्ग ‘पल्स इंडक्शन’चा. ही यंत्रं सलग लहर सोडत नाहीत. झटका देतात, थांबतात, आणि काही मायक्रोसेकंदांनी कान देऊन ऐकतात. तेवढ्या वेळात खाऱ्या पाण्यातले प्रवाह विरून गेलेले असतात. धातूतले अजून रेंगाळत असतात. युक्ती सुंदर आहे. पण तिची किंमत अशी की लोखंडी खिळा आणि सोन्याची अंगठी यांतला फरक हे यंत्र जवळजवळ सांगतच नाही. जे सापडेल ते उकरा.

गोड्या पाण्यात ही अडचण मुळातच नाही. साध्या यंत्राला तळ्याचं पाणी हवेसारखंच वाटतं. त्यामुळे ‘समुद्रातही चालतं’ म्हणून दुप्पट पैसे मोजून घेतलेलं पल्स यंत्र तळ्यात उतरवणं म्हणजे गल्लीत फिरायला ट्रॅक्टर काढणं. गोड्या पाण्यासाठी योग्य वर्ग ‘व्हीएलएफ’ यंत्रांचा, म्हणजे अतिनिम्न फ्रिक्वेन्सीवर सलग लहर सोडणाऱ्या यंत्रांचा. ३ ते ३० किलोहर्ट्झ हा त्यांचा पट्टा. परतलेली लहर मूळ लहरीच्या किती मागे पडली यावरून ती धातूचा अंदाज करतात आणि पडद्यावर एक आकडा दाखवतात. लोखंड खालच्या आकड्यांत, चांदी वरच्या, बाकी सगळा गाव मध्ये. लोखंडाचा आवाज बंद करून फिरायची सोयही असते.

आणि ही सोय लागतेच, कारण जुन्या पोहण्याच्या जागेचा तळ म्हणजे लोखंडाचा बाजार असतो. धक्क्यांचे गंजके खिळे, केसातल्या पिना, बाटल्यांची पत्र्याची झाकणं, गळ, डब्यांचे तुकडे. पाण्यात एक वस्तू उकरायला जमिनीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. खोऱ्याचा एक घाव पडला की गाळ उठतो आणि दोन मिनिटं काही दिसत नाही. दिवसभरात साठ खिळे काढल्यावर माणसाचा उत्साह टिकत नाही. पल्सवाला हे साठ खिळे काढतो. व्हीएलएफवाला त्यातले पन्नास तरी सोडून देतो.

इथपर्यंत दुकानदारही हेच सांगेल. तो सांगत नाही ती गोष्ट पुढची.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बिअर आणि सोड्याच्या डब्यांना ओढून काढायची कडी आली. ओहायोतल्या अर्मल फ्रेझ या अभियंत्याची ती करामत. ओपनर लागत नाही म्हणून लोक खूश. ओढलेली कडी मात्र हातात उरायची, आणि माणसं ती जिथे उभी असतील तिथे टाकायची: वाळूत, गवतात, पाण्यात. १९७५ च्या सुमारास डब्यालाच चिकटून राहणारी कडी निघाली आणि हळूहळू जुनी हद्दपार झाली. पण मधल्या वर्षांतल्या ॲल्युमिनियमच्या कड्या तळ्यांच्या तळाशी अजून आहेत, आणि त्यांचा आकडा सोन्याच्या मध्यम अंगठीच्या आकड्यावर जवळजवळ तंतोतंत बसतो. वीजवाहकता आणि आकार मिळून जो परिणाम होतो, तो दोघींचा सारखा. शुद्ध सोनं उत्तम वाहक, पण त्यात तांबं-चांदी मिसळली की वाहकता झपाट्याने घसरते, आणि अमेरिकन अंगठी बहुतेक १४ कॅरटची, कधी १० चीच. त्यामुळे कड्यांचा त्रास नको म्हणून तो आकडा बंद केला, की सोनंही बंद. अमेरिकेचं पाच सेंटचं निकेलमिश्रित नाणंही याच टापूत येतं. कोणत्याही किमतीचं यंत्र या पेचातून तुम्हाला सोडवत नाही. महाग यंत्र आकडा जास्त स्थिर दाखवतं, एवढंच.

त्यामुळे माझं मत असं की गोड्या पाण्यात लोखंड तेवढं वगळावं आणि बाकी प्रत्येक आवाज उकरावा. पंचवीस रंगीत विभाग, प्रत्येकाचा वेगळा सूर, उपग्रहाचा नकाशा यांवर पैसे घालवण्याचं कारण उरत नाही. पाण्याखाली पडदा वाचत कोण बसतं?

साखळ्यांविषयी वेगळं सांगायला हवं. अंगठी बंद वर्तुळ असते, तिच्यात प्रवाह छान फिरतो, म्हणून ती लहान असूनही मोठ्याने बोलते. तीच तुटली की तिचा आवाज पार क्षीण होतो. साखळीत प्रत्येक कडी सुटी. प्रवाह प्रत्येक कडीपुरताच फिरतो, आणि यंत्राला पाच तोळ्यांची साखळी नव्हे, एक बारीक कडी ऐकू येते. अमेरिकेतल्या तळ्यावर सहलीला गेलेल्या एखाद्या मराठी घरातलं मंगळसूत्र पाण्यात पडलं, तर त्याचंही तसंच होणार: मण्यांमधली तार जवळजवळ मुकी, आणि बोलल्या तर वाट्या बोलतील. असं बारीक सोनं शोधायचं तर वरची फ्रिक्वेन्सी बरी, १४ ते २० किलोहर्ट्झच्या आसपासची. ५-७ किलोहर्ट्झची यंत्रं चांदीच्या नाण्यांवर खूश असतात. अनेक फ्रिक्वेन्सी एकदम सोडणारी यंत्रं दोन्ही टोकं सांभाळतात. मीनलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९९० च्या दशकापासून ही वाट रुळवली आणि आता तुर्की, फ्रेंच कंपन्यांचीही अशी यंत्रं आहेत.

‘किती खोल पकडतं?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. भौतिकशास्त्राचं उत्तर निष्ठुर आहे. लहान वस्तूच्या बाबतीत अंतर दुप्पट झालं की परत येणारा संकेत साधारण चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो, कारण क्षेत्र जातानाही अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं आणि येतानाही. म्हणून ताकद दुप्पट केलेलं यंत्र दुप्पट खोल जात नाही. दोन-तीन सेंटिमीटर मिळाले तरी पुष्कळ. अंगठी वीतभर गाळाखाली असेल तर चांगलं यंत्र ती सांगेल, हातभर खाली असेल तर कोणतंच सांगणार नाही. आणि सोनं खाली जातंच. त्याची घनता पाण्याच्या एकोणीस पटींहून जास्त, वाळूची जेमतेम अडीच-पावणेतीन पट. मऊ चिखलात अंगठी दरवर्षी थोडी थोडी उतरत जाते आणि खालच्या कठीण चिकणमातीच्या किंवा खडीच्या थरावर जाऊन थांबते. तळ कडक आहे की लोण्यासारखा, हे काठीने टोचून पाहा. लोण्यासारखा असेल तर दुसरं तळं शोधणं हे चांगलं यंत्र घेण्यापेक्षा स्वस्त.

तळाच्या मातीची भानगड आपल्याकडे जास्त. लहानपणी नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवून त्याला लागलेला काळा कीस कागदावर नाचवला नसेल असं मराठी मूल विरळा. तो कीस म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट, सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकातून झिजून आलेलं लोहखनिज. गोदावरी, भीमा, कृष्णा याच काळ्या पाषाणात उगम पावतात. पाणी गोडं असलं तरी अशा नदीचा तळ डिटेक्टरच्या कानात सतत कुजबुजत राहतो. कोकणातली तांबडी जांभा माती त्याहून खट्याळ. तिच्यातली काही लोहखनिजं चुंबकीय झटका ‘लक्षात ठेवतात’ आणि पल्स यंत्रालाही फसवतात. मिशिगनच्या एखाद्या पांढऱ्या वाळूच्या तळ्यात गाणारं स्वस्त यंत्र वाईच्या घाटावर नुसतं कण्हत राहू शकतं. म्हणून यंत्रात ‘ग्राउंड बॅलन्स’, म्हणजे मातीचा आवाज हिशेबातून वजा करण्याची सोय, हाताने जुळवता येईल अशी हवी. कारखान्यातून कायमची जुळवून आलेली चालणार नाही. गोड्या पाण्यासाठी अनेक फ्रिक्वेन्सींचं यंत्र घ्यायला मी सहसा सांगत नाही, पण काळ्या वाळूच्या तळासाठी सांगेन.

आणि आपली नाणी! रेल्वे गोदावरीच्या पुलावर आली की खिडकीतून हात बाहेर येतात आणि नाणी खाली जातात. घाटाघाटावर पोरं दोराला लोहचुंबक बांधून ती काढत असतात. लोहचुंबकाला नाणं चिकटतं हेच मुळी नवल वाटायला हवं. तांब्याचा पैसा कधी चिकटत नव्हता. १९८८ पासून आपल्याकडे चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची नाणी पडू लागली, १९९२ पासून रुपयाही त्याच पोलादाचा झाला. याचा अर्थ असा की लोखंड वगळणाऱ्या डिटेक्टरपुढे आजचा रुपया संशयित आहे. कधी यंत्र त्याला खिळा समजून गप्प बसतं; कधी चपट्या गोल आकाराला भुलून उंच आकडा दाखवतं, आणि कॉइल जरा फिरवली की आकडा नाचतो. बाटलीची झाकणंही हाच खेळ करतात. घाटावरच्या पोराचं दोन रुपयांचं तंत्र या एका कामात परदेशी यंत्राच्या पुढे आहे.

आता जलरोधकता. इथे शब्दांचा खेळ चालतो, म्हणून सावध. जमिनीवरच्या बहुतेक सगळ्या डिटेक्टरांची कॉइल पाण्यात बुडवता येते. वरची पेटी नाही. ‘वॉटरप्रूफ कॉइल’ एवढंच लिहिलं असेल तर ते यंत्र गुडघाभर पाण्याचं, तेही तुमचा पाय घसरेपर्यंत. पुढचा वर्ग पूर्ण बुडणाऱ्या यंत्रांचा, साधारण ३ ते ५ मीटरपर्यंतचा. गॅरेटचा ‘एटी प्रो’ आणि नोक्ता मॅक्रोचा ‘सिम्प्लेक्स प्लस’ ३ मीटरचे. मीनलॅबची ‘इक्विनॉक्स’ आधी ३ मीटरची होती, नंतरची ७०० आणि ९०० ही मॉडेलं ५ मीटरची. एक्सपी या फ्रेंच कंपनीचा ‘डिअस टू’ २० मीटरपर्यंत जातो. त्यापुढे खऱ्या पाणबुड्यांची यंत्रं येतात, सुमारे ६० मीटरची: मीनलॅबचा ‘एक्सकॅलिबर’, गॅरेटचा ‘सी हंटर’. यांतला दुसरा पल्सवाला, हे विसरू नका.

खोलीचा आकडा वाचताना ध्यानात घ्या की तो स्थिर पाण्यातला असतो. यंत्र पाण्यावर आपटलं, धबधब्याखाली धरलं, की क्षणभर दाब वाढतो. आणि पाणी आत शिरतं ते बहुतेक वेळा एकाच वाटेने: बॅटरीचं झाकण बदलताना रबराच्या ओ-रिंगवर वाळूचा एक कण राहिलेला असतो. ओ-रिंग पुसून, सिलिकॉनचं ग्रीस लावून बसवायची, पाण्यात उतरण्याआधी, काठावर नव्हे, घरी. छातीभर पाण्यात चालत शोधणाऱ्याला ३ मीटर पुष्कळ झाले. अंगठ्या हरवतात तिथेच, आणि ६० मीटरचं यंत्र घेऊन छातीभर पाण्यात उभं राहणाऱ्यांना मी तरी हौशीच म्हणेन.

कानांची गोष्ट आणखी गमतीची. आजकाल हेडफोन बिनतारी असतात, आणि ब्लूटूथची लहर पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच विरते. यंत्राची १२ किलोहर्ट्झची लहर तळाशी आरामात पोचते आणि तुमच्या कानापर्यंतची २.४ गिगाहर्ट्झची लहर वाटेत बुडते. म्हणून पाण्याखाली तार लागतेच. काही यंत्रांसोबत आलेला हेडफोन जलरोधक नसतो, वेगळा घ्यावा लागतो. किंमत विचारताना तोही धरा. डोकं पाण्याबाहेर ठेवून काम करणार असाल तर साधा हेडफोन चालेल, पण त्याची तार पाण्यात लोंबकळता कामा नये. थरथरणारी मूठ असलेलं यंत्र गढूळ पाण्यात फार कामाचं. कानाला नाही कळलं तर हाताला कळतं.

कॉइल पाण्यात वर तरंगू पाहत असेल तर दोन तासांत मनगट दुखून येतं. चाळणीसारखी भोकांची कॉइल पाण्याला कमी अडवते, वाहत्या नदीत तर दुसरी घेऊच नये. आकार २० ते २५ सेंटिमीटर पुरे. मोठी कॉइल खोल जाते, पण कचऱ्यात दोन वस्तू तिला एक वाटतात.

आणि खोरं. डिटेक्टरवर सगळी जमा संपवून लोक स्वयंपाकघरातली चाळण घेऊन पाण्यात उतरतात. स्टेनलेस स्टीलचं, भोकं पाडलेलं, लांब दांड्याचं, पाय ठेवून दाबता येईल असं खोरं हे या छंदातलं निम्मं यंत्र आहे. चांगल्या खोऱ्याने एका घावात अंगठी येते. वाईट खोऱ्याने पाच घाव, गाळाचा ढग, आणि अंगठी आणखी खाली. खोल पाण्यात पाणबुडे खोऱ्याऐवजी हाताने किंवा टेबल टेनिसच्या बॅटने पाणी हलवून वाळू उडवतात. त्यासोबत हातात मावेल असा छोटा टोकदार शोधक लागतो. त्याचीही खोलीची मर्यादा वेगळी पाहावी. पाणबुड्याच्या कमरेचं शिसं, पायाला बांधलेला चाकू, अगदी टायटॅनियमचा चाकूसुद्धा, कॉइलजवळ आला की बोलतो. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, पण वीज वाहून नेतं.

जीवाची गोष्ट थोडक्यात, पण ती खरेदीच्या आधीची. तळाशी पडलेली मासेमारीची नायलॉनची दोरी दिसत नाही आणि सुटत नाही. कापायचं हत्यार हवं. एकट्याने उतरू नये. कमी उंचीच्या बंधाऱ्याखाली पाणी माणसाला गोल गोल फिरवत आत ओढतं, तिथे सोनं असलं तरी ते सोनं नव्हे. आपल्याकडे धरणाचं पाणी सोडल्यावर कोरडी नदी अर्ध्या तासात भरते.

पैसे वाचवायचा राजमार्ग अमेरिकन शोधकांनी काढलेला आहे. तिकडच्या अनेक तळ्यांचं पाणी शरद ऋतूत बांधाच्या दुरुस्तीसाठी किंवा पुढच्या पुराला जागा म्हणून उतरवतात. मग छातीभर पाण्याची जागा कोरडी पडते आणि साध्या, न बुडणाऱ्या यंत्राने चालत शोधता येते. आपल्याकडे हे काम उन्हाळा करतो. पण तिथेच एक मोठा खड्डा आहे, आणि तो कायद्याचा.

लास वेगासजवळच्या लेक मीडचं पाणी २०२२ मध्ये १९३० च्या दशकानंतर सर्वांत खाली गेलं. बुडालेल्या होड्या वर आल्या, एका पिंपातला सांगाडाही. शोधकांच्या हाताला खाज सुटली असेल, पण तो परिसर राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे, आणि त्यांच्या जागेत वापरण्याजोगा डिटेक्टर जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा. इंग्लंडमध्ये टीस नदीत, पियर्सब्रिजच्या रोमन पुलाजवळ, दोन हौशी पाणबुड्यांनी काही दशकांत हजारो रोमन वस्तू काढल्या: नाणी, दागिने, छोट्या मूर्ती. त्यांच्या नोंदी झाल्या, म्हणून पुरातत्त्वज्ञ अभ्यास करू शकले, आणि निदान काही वस्तू तरी पूल ओलांडणाऱ्यांनी नदीला वाहिलेल्या असाव्यात असं त्यांचं मत पडलं. आपल्या रेल्वेच्या खिडकीतल्या हातांना हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. तिथला १९९६ चा कायदा ‘खजिन्यात’ मोडणारी वस्तू सापडल्यापासून चौदा दिवसांत कळवायला सांगतो.

उजनीचं पाणी आटलं की भीमेच्या पात्रातून पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि बघ्यांची गर्दी होते. तिथे डिटेक्टर घेऊन जाण्याचा विचार मनातून काढून टाका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि तिच्यावर १९७२ चा कायदा लागू होतो. त्याआधीचा १८७८ चा ‘इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट’ तर जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही ठेव सापडली की जिल्हाधिकाऱ्याला कळवायला सांगतो. लपवल्यास वर्षापर्यंत कैद. दहा रुपये हा आकडा राणी व्हिक्टोरियाच्या काळातला आहे, हे खरं, पण कायदा तो आहे. मात्र कालपरवा कुणाची अंगठी तळ्यात पडली आणि मालकीण काठावर रडत उभी आहे, तर तिथे कायद्याची गुंतागुंत फारशी नसते; शोधून द्यावी. परदेशात हे काम विनामोबदला करणारे बरेच हौशी आहेत, आणि या छंदातला हा भाग मला सगळ्यांत आवडतो.

तेव्हा छातीभर गोड्या पाण्यासाठी मला कुणी विचारलं, तर सांगेन: १२ किलोहर्ट्झच्या वरचं, ३ मीटर बुडणारं, माती हाताने जुळवता येणारं साधं व्हीएलएफ यंत्र, तळ काळ्या वाळूचा असेल तरच अनेक फ्रिक्वेन्सींचं. उरलेल्या पैशांतून उत्तम खोरं आणि तारेचा जलरोधक हेडफोन. घेण्याआधी एक चाचणी करा. घरातली जुनी बारीक अंगठी मजबूत दोऱ्याने रिकाम्या बाटलीला बांधा, ज्या पाण्यात उतरणार त्याच पाण्यात सोडून वीतभर वाळूखाली दाबा, आणि यंत्र तिच्यावरून फिरवून ऐका. दुकानातल्या टेबलावरची चाचणी मानू नका.

आणि पाण्यात उतरताना तुमच्या बोटातली अंगठी घरी काढून ठेवा. कॉइलपाशी हात गेला की ती ओरडते, आणि बोट तुमचंही गार पाण्यात बारीक होतंच.